दाणा हिरव्या रकान्यात

मुलीला दाण्याची ॲलर्जी आहे का, हे बघायला केलेल्या एका रक्ततपासणीत नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये गेले, त्याचं दुःख आहेच. पण हे लिहायला बसले ते त्यासाठी नाही. त्या रिपोर्टच्या भरवशावर आम्ही संक्रांतीला मुलीच्या हातावर तिळाचा लाडू ठेवणार होतो, आणि आमच्या घरच्या लाडवात निम्मा दाण्याचा कूट असतो.

श्रावणी सोमवार होता. घरात भगर आणि दाण्याची आमटी. मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांची. सासूबाईंनी कौतुकाने आपल्या ताटातली दोन चमचे आमटी तिला भरवली. दहा मिनिटांत ओठ सुजले, मानेवर आणि पोटावर गांधी उठल्या, मग खोकला, मग उलटी. नाशिकच्या इंदिरानगरहून मुंबई नाक्यापर्यंत रिक्षाने कसे पोचलो ते मला आजही धड आठवत नाही. दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिलं, रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी डॉक्टर म्हणाले, दाणे आजपासून पूर्ण बंद आणि महिना-दीड महिन्याने रक्त तपासू. चिठ्ठीवर लिहून दिलं: शेंगदाण्याचं स्पेसिफिक आयजीई (दाण्याविरुद्ध रक्तात तयार होणारं ॲलर्जीचं प्रतिपिंड), आणि सोबत ‘आरा एच २’ (दाण्यातल्या एका प्रथिनाची तपासणी).

ती चिठ्ठी डिसेंबरपर्यंत फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली राहिली. यात चूक आमचीच. दाणे बंद झाल्यावर पुन्हा काही झालं नाही, म्हणून राहून गेलं. शाळेच्या फॉर्मवर ‘ॲलर्जी असल्यास’ असा रकाना दिसला तेव्हा जाग आली. जवळच्या एका लॅबने ‘आमच्याकडे होत नाही’ म्हणून सांगितलं. दुसरीने ‘सॅम्पल मुंबईला जातं, चौकशी करून कळवतो’ म्हटलं आणि कळवलं नाही. मग रात्री मोबाईलवर शोधलं, एका ठिकाणी नाव-नंबर टाकला. पाच मिनिटांत फोन.

माणूस बोलायला अगदी मऊ. “ताई, एकटा दाणाच कशाला तपासता? थोड्या पैशांत दोनशे बावीस पदार्थ होतात. जर्मन टेक्नॉलॉजी आहे.” मी डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला आणि यातलं सगळं होणार ना, असं स्पष्ट विचारलं. “हो हो, ते त्यातच येतं. आपलं त्याच्या पुढचं आहे.” हे तो फोनवर म्हणाला. व्हॉट्सॲपवर त्याने फक्त अंगठा पाठवला. लेखी त्याने एकदाही ‘हो’ म्हटलेलं नाही, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

किंमत साडेचौदा हजार, पण ‘आज बुक केलं तर’ ९,९९९. पैसे लॅबच्या नावावर गेले नाहीत, कुणा एका व्यक्तीच्या खात्यावर गेले. तिथेच थांबायला हवं होतं. बँकेत नोकरी करते मी, दिवसभर लोकांना हेच सांगत असते.

रविवारी सकाळी एक पोरगा मोटरसायकलवर आला. पोरीला उपाशी ठेवा म्हणाले होते, म्हणून ती अकरापर्यंत रडत बसली होती. (या तपासणीला उपाशीपोटी असण्याची गरजच नसते.) त्याने रक्त काढलं, ट्यूबवर पेनाने नुसतं पहिलं नाव लिहिलं, आडनाव नाही, वय नाही, आणि ट्यूब डब्याच्या पिशवीत टाकून गेला. पावतीवर लिहिलं होतं ‘ॲडव्हान्स ॲलर्जी पॅनेल’. त्यात कुठली तपासणी, कुठल्या पद्धतीने, काही नाही.

बाराव्या दिवशी रिपोर्ट आला. अठरा पानं, रंगीत, फळांची चित्रं. दूध लाल, गहू लाल, तूरडाळ नारिंगी, तांदूळ नारिंगी. आणि शेंगदाणा हिरव्या रकान्यात, पुढे शब्द: सुरक्षित. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ‘आहार सल्लागार’ बाईंचा फोन. दूध आणि गहू तीन महिने बंद, आतडं दुरुस्त करायला पुड्यांचा कोर्स, साडेसहा हजार. दाण्याचं विचारलं तर म्हणाल्या, “तो ग्रीन आहे ना, मग हळूहळू सुरू करा.”

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. “मी तेव्हाच म्हणत होते, आपल्या घराण्यात दाणा कुणाला बाधत नाही. आमटी तिखट लागली असेल पोरीला.” श्रावणापासून त्या स्वतःला दोष देत होत्या, त्यामुळे मीही काही बोलले नाही. पुड्या घेतल्या नाहीत एवढंच. दूध मात्र आठ दिवस बंद केलं.

भोगीच्या दिवशी मी डॉक्टरांना फोन केला तोही दाण्यासाठी नाही. दूध बंद केलंय तर त्याऐवजी काय देऊ, हे विचारायला. ते म्हणाले, “दूध कुणी बंद करायला सांगितलं? रिपोर्ट पाठवा आधी.” आणि दोन मिनिटांत त्यांचाच उलटा फोन. “दाणा तिच्या तोंडाजवळसुद्धा नेऊ नका. संध्याकाळी या.”

संध्याकाळी त्यांनी रिपोर्टच्या तिसऱ्या पानावरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. तिथे आयजीजी लिहिलं होतं. चिठ्ठीवर होतं आयजीई. एका अक्षराचा फरक, आणि सगळी फसवणूक त्या एका अक्षरात बसलेली.

त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत लिहिते. पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत गांधी, सूज, श्वासाचा त्रास होतो, ती ॲलर्जी आयजीईमुळे. आयजीजी हे वेगळं प्रतिपिंड, ते मात्र आपण जे नेहमी खातो त्याच्याविरुद्ध धडधाकट माणसाच्या रक्तातही सापडतं. ते आजाराचं नव्हे, ओळखीचं लक्षण. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितलंय की अन्नाच्या ॲलर्जीच्या निदानासाठी या जातीच्या तपासण्या करू नयेत, आणि अमेरिकेतल्या संघटनेनेही २०१० मध्ये त्याला दुजोरा दिला.

आता आमचा रिपोर्ट पुन्हा बघा. मुलगी रोज दूध-पोळी, वरण-भात खाते, म्हणून ते लाल आणि नारिंगी. दाणे पाच महिने बंद, म्हणून तो हिरवा. दहा हजार मोजून आम्ही आमच्याच स्वयंपाकघराची यादी विकत घेतली होती. दाणे बंद केले म्हणून दाणा हिरवा झाला, आणि हिरवा झाला म्हणून ते पुन्हा सुरू करायला सांगत होते!

खरी तपासणी नंतर डॉक्टरांनी ज्या लॅबचं नाव दिलं तिथून केली. नाशिकलाच रक्त घेतलं, सॅम्पल मुंबईला गेलं, पाच दिवसांत दोन पानांचा काळा-पांढरा रिपोर्ट आला. दोन्ही तपासण्या मिळून चार हजारांच्या आत. एककाच्या जागी ‘केयूए पर लिटर’ असं होतं, ०.३५ च्या वरचा आकडा पॉझिटिव्ह धरतात, आमचा २२ आला. आरा एच २ सुद्धा बराच वर. हे दाण्यातलं साठवणीचं प्रथिन आहे, भाजून, कूट करून, आमटीत उकळूनही ते टिकतं. एखाद्या मुलाचं फक्त आरा एच ८ वर असलं, तर ते फुलांच्या परागकणांतल्या प्रथिनासारखं असतं आणि त्रास बहुतेक वेळा तोंडाच्या खाजेवर थांबतो. म्हणून डॉक्टर ही सुटी प्रथिनं तपासायला सांगतात. मात्र आकडा मोठा म्हणजे झटका तेवढा मोठा, असं गणित नसतं. मूल काय खाऊन कसं आजारी पडलं हे आधी, रिपोर्ट नंतर. दूध-गव्हाने तिला कधीच काही झालेलं नव्हतं, त्यामुळे डॉक्टरांनी ते तपासलंसुद्धा नाही. त्या रात्री पोरीने दोन कप दूध प्यायलं.

घाण्याचं शेंगदाणा तेलही आता घरातून गेलं, कारण त्यात प्रथिन उरतं. सासूबाई आमटीत खोबरं घालतात. त्यांना ती आवडत नाही, पण तक्रार करत नाहीत.

आता कुणी अशी तपासणी करणार असेल तर पैसे द्यायच्या आधी तपासणीचं पूर्ण नाव आणि एकक लेखी मागा, आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. आमच्या रिपोर्टवर एनएबीएलचं, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं, चिन्ह होतं, पण त्याखाली प्रमाणपत्राचा क्रमांक नव्हता. एनएबीएलच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त लॅब शोधता येतात, आणि लॅबला नेमक्या कोणत्या तपासण्यांसाठी मान्यता आहे तेही तिथे दिसतं. लॅबला मान्यता असली म्हणजे तिची प्रत्येक तपासणी त्यात येते असं नाही. आमच्यावाल्यांचं नाव त्या यादीत मुळात नव्हतंच. दोनशे पदार्थ एकदम तपासतो म्हणणारा माणूस तर दारातूनच परत पाठवावा, असं माझं मत झालंय.

तक्रार केली. आधी त्या माणसाला फोन केला, तर “मी फक्त बुकिंग घेतो.” लॅब म्हणाली, “ती आमची फ्रँचायझी, आमचा संबंध नाही.” मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. त्यानंतर आठवड्याने त्याच मऊ आवाजाचा फोन: पाच हजार परत देतो, पण तक्रार मागे घ्या आणि कुठे काही लिहू नका. मी म्हटलं, हेच लेखी पाठवा. या वेळी अंगठा नाही आला, पूर्ण वाक्य आलं, रकमेसकट. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. पावती, पैसे पाठवल्याची नोंद, चिठ्ठीचा फोटो, दोन्ही रिपोर्ट आणि तो मेसेज, सगळ्याच्या प्रती काढून फाईल केली आहे.