तापमान राखणारे सिगार-कपाट : चौदा महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

माझ्या जुन्या लाकडी ह्यूमिडॉरमधला, म्हणजे सिगार दमट ठेवण्याच्या पेटीतला, आर्द्रतेचा काटा चार वर्षांत ६९ टक्क्यांवरून फारसा हलला नाही, आणि तरीही दर उन्हाळ्यात त्यातल्या सिगारांची चव उतरत असे. सुरुवातीला मी दोष सिगारांना दिला, मग ते जिथून घेतले त्या दुकानाला दिला. पेटीत आर्द्रतामापक होता, पण तापमापक नव्हता; तो बसवला तेव्हा भर दुपारी ३१ अंश सेल्सिअस दिसले आणि माझ्या शंकेचे निरसन झाले. त्यानंतर महिन्याभरात मी तापमान नियंत्रित करणारे एक छोटे सिगार-कपाट विकत घेतले. गेले चौदा महिने ते रोजच्या वापरात आहे. याच बांधणीची कपाटे निरनिराळ्या नावांनी विकली जात असल्यामुळे मी एका कंपनीविषयी न लिहिता या बांधणीच्या गुणदोषांविषयी लिहीत आहे.

कपाट साधारण ५० लिटरचे आहे. काचेचे दार, आत तीन फळ्या आणि तळाशी एक खण, आणि हे सगळे स्पॅनिश सीडरचे. या लाकडाला सीडर म्हणत असले तरी ते देवदाराच्या कुळातले नसून महोगनीच्या कुळातले आहे. मागच्या बाजूला पेल्टिअर पद्धतीचा थंडावा आहे, म्हणजे कॉम्प्रेसर नाही. दोन वेगळ्या वाहकांच्या सांध्यातून वीज गेली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते, हा जो परिणाम १८३४ मध्ये ज्याँ पेल्टिअर यांनी नोंदवला, त्यावर ते चालते. पुढच्या पट्टीवर हवे ते तापमान ठरवता येते. मी ते १८ वर ठेवले आहे.

चवीकडे वळण्यापूर्वी एक गोंधळ दूर करणे आवश्यक वाटते, कारण या कपाटाचे मूल्यमापन त्यावरच अवलंबून आहे. सिगार ठेवण्यासाठी ७० अंश आणि ७० टक्के, असा एक नियम सर्वत्र सांगितला जातो. त्यातले ७० अंश फॅरनहाइटचे असतात, म्हणजे २१ सेल्सिअस. हे दोन आकडे जोडीनेच सांगितले जातात, कारण सापेक्ष आर्द्रता ही हवेतल्या पाण्याची मोजदाद नसून, त्या तापमानाला हवा जेवढे पाणी धरू शकते त्याच्या तुलनेतले प्रमाण आहे. रिकाम्या बंद पेटीत २१ अंशांना ७० टक्के आर्द्रता असेल आणि पाण्याचा एक थेंबही न काढता पेटी २६ अंशांपर्यंत तापवली, तर काटा जवळजवळ ५२ वर येईल. तीच पेटी १८ अंशांपर्यंत गार केली तर ८३ च्या आसपास जाईल.

सिगारांनी भरलेल्या पेटीत मात्र असे होत नाही. ५० लिटर हवेत २१ अंशांना आणि ७० टक्क्यांना मिळून जेमतेम ०.६ ग्रॅम पाणी असते, तर दहा-बारा ग्रॅमच्या एकाच सिगारमध्ये एक ग्रॅमहून अधिक पाणी असते. म्हणजे हवेतल्या पाण्याचा साठा तंबाखूच्या तुलनेत नगण्य आहे, आणि हवा तापली की तंबाखू स्वतःतले थोडे पाणी सोडून काटा पुन्हा पूर्वीच्या जागी आणून ठेवते. माझा काटा चार वर्षे स्थिर का राहिला आणि मी निर्धास्त का राहिलो, याचे कारण हेच.

आता मुख्य प्रश्न : तापमानाने चव खरोखर बदलते का, आणि बदलत असेल तर या कपाटाने ती सुधारते का. पहिल्याच उन्हाळ्यात मी एकाच खोक्यातले २४ सिगार आठ-आठच्या तीन गटांत विभागले. एक गट जुन्या लाकडी पेटीत खोलीच्या तापमानाला राहिला, जे त्या काळात २७ ते ३१ अंशांदरम्यान होते. दुसरा गट कपाटात १८ अंशांना ठेवला. तिसरा एका मित्राच्या वाइनच्या फ्रीजमध्ये, बंद डब्यात, १३ अंशांच्या आसपास ठेवला. आर्द्रतेचा फरक आड येऊ नये म्हणून तिन्ही ठिकाणी आर्द्रता ६५ टक्क्यांवर राखणारी क्षारयुक्त पाकिटे वापरली. चौदा आठवड्यांनी सगळे सिगार दोन दिवस एकत्र कपाटात ठेवले, म्हणजे हाताला लागणाऱ्या गारव्यावरून ओळख पटणार नाही. मित्राने त्यांच्यावरच्या कागदी पट्ट्या काढल्या, आणि कोणता सिगार कुठला हे ठाऊक नसताना मी प्रत्येक गटातले तीन, असे नऊ सिगार नऊ आठवड्यांत ओढले.

गरम पेटीतले तिन्ही मी ओळखले. त्यांची सुरुवात वाईट नव्हती. पहिल्या तिसऱ्या हिश्शात मिरीसारखा तिखटपणा इतरांपेक्षा जास्तच जाणवला, पण अर्ध्यावर येईपर्यंत त्याच्या पाठीमागे काहीच उरले नाही. या सिगारमध्ये मला नेहमी जाणवणारी कोकोची आणि भिजल्या लाकडाची चव पुसट झाली होती आणि शेवटी जिभेवर कडवटपणा राहत होता. विशेष म्हणजे त्या चौदा आठवड्यांत जुनी पेटी उघडली की खोलीभर दरवळ सुटायचा आणि कपाट उघडले की तेवढा सुटत नसे. मला वाटत होते की पेटीतले सिगार छान मुरत आहेत. प्रत्यक्षात तंबाखूतली सुगंधी तेले उडून जाणारी असतात, उष्णतेत ती अधिक वेगाने उडतात, आणि जो दरवळ मी कौतुकाने घेत होतो तो सिगारमधून कायमचा निघून चाललेला सुगंध होता.

१८ आणि १३ अंशांमधला फरक मला तीनपैकी दोनदाच पकडता आला, आणि तोही अपेक्षेपेक्षा वेगळा निघाला. १३ अंशांतल्या सिगारांचा सुगंध शाबूत होता, परंतु त्यांच्यात नव्या सिगारचा उग्रपणा तसाच राहिला होता. नाकात किंचित झोंबणारा, अमोनियाच्या वळणाचा. तंबाखूच्या किण्वनात अमोनिया तयार होतो आणि तो पुढे हळूहळू बाहेर पडतो. थंडीत हे बाहेर पडणेही मंदावते आणि मुरण्याच्या बाकीच्या रासायनिक क्रियाही मंदावतात. जुने, मुरलेले सिगार आहेत तसे टिकवायचे असतील तर १३-१४ अंश चालतील, पण ताजे खोके तिथे ठेवले तर ते बराच काळ ताजेच राहील. माझ्या जिभेला १८ अंशांचे सिगार सर्वांत भरलेले वाटले : चव थरांनी येते, अर्ध्यावर बदलते आणि शेवटपर्यंत टिकते. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हे कपाट पुन्हा विकत घेईन.

याच प्रयोगात एक नुकसानही झाले, आणि ते जुन्या पेटीत झाले. अकराव्या आठवड्यात तिथल्या एका सिगारच्या रॅपरवर, म्हणजे सर्वांत बाहेरच्या पानावर, टाचणीच्या टोकाएवढे, कडा अगदी स्वच्छ कातरलेले गोल छिद्र दिसले. सिगार पांढऱ्या कागदावर हलकेच आपटला तेव्हा त्यातून तपकिरीसारखी बारीक भुकटी पडली. हा तंबाखूचा भुंगेरा, लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने. त्याची अंडी पानातच असू शकतात. ३० अंशांच्या आसपासची ऊब त्याला सर्वांत मानवते, आणि १८ अंशांना त्याची वाढ जवळपास थांबते. मी पेटीतले उरलेले सगळे सिगार दुहेरी पिशवीत हवाबंद करून काही दिवस उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवले, मग एक दिवस फ्रीजमध्ये आणि मग बाहेर. पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडली नाही, अन्यथा गार पानावर दव धरून रॅपर फाटले असते. कपाटातल्या सिगारांना या चौदा महिन्यांत एकही छिद्र पडलेले नाही.

मात्र ज्या कपाटाने तापमान एवढे चांगले सांभाळले, त्याने आर्द्रतेची सुरुवातीला अक्षरशः वाट लावली, आणि हा दोष मी सौम्य करून सांगणार नाही. १८ अंश आणि ६५ टक्के अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातले पाणी थेंब होऊन जमू लागते तो, ११ अंशांच्या आसपास येतो. मागची थंडाव्याची पट्टी त्याहून गार होते. परिणामी हवेतले पाणी सतत त्या पट्टीवर थेंब होऊन जमते आणि खालच्या नळीतून बाहेर वाहून जाते, आणि ती तूट भरून काढण्यासाठी सिगार आपल्यातले पाणी देत राहतात. पहिल्या पाच आठवड्यांत आर्द्रता ६५ वरून ५६ वर आली. पंख्याच्या तोंडाशी ठेवलेल्या दोन सिगारांचे रॅपर टोकाकडून उभे तडकले. बोटांनी दाबले तर वाळक्या पानासारखा चुर्र आवाज येत होता. विक्रेत्याकडे विचारणा केली तेव्हा आर्द्रतेची पाकिटे वाढवा, एवढेच उत्तर मिळाले.

पाकिटे वाढवून भागले नाही. उपयोग झाला तो तीन गोष्टींचा. पाणी बाहेर नेणाऱ्या नळीला बूच लावले आणि पट्टीखाली एक उथळ ताटली ठेवली, म्हणजे पंखा थांबला की तेच पाणी पुन्हा हवेत मिसळते. ही ताटली दर पंधरवड्याला पुसून घेतो, नाहीतर तिथे बुरशी धरेल. दुसरे, पंख्यासमोर सीडरची एक पातळ फळी उभी केली, त्यामुळे वारा थेट सिगारांवर येत नाही. तिसरे आणि सर्वांत परिणामकारक, कपाट भरले. चाळीस सिगारांनी जे डळमळत होते ते एकशे दहा सिगारांनी स्थिर झाले, कारण तंबाखू स्वतःच पाण्याचा साठा आहे. आता काटा ६४ ते ६६ यांदरम्यान राहतो.

पुढच्या पट्टीवरच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. तो पंख्याजवळच्या एका संवेदकाचा आकडा आहे. मी तीन छोटे डिजिटल मापक आणले आणि आधी त्यांची परीक्षा घेतली : बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात चिखल होईल एवढेच पाणी, आणि मापकांसह सगळे हवाबंद पिशवीत रात्रभर. आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. एक मापक ७१ दाखवत होता, म्हणून त्याच्या आकड्यात चार मिळवतो. हे तिन्ही आत ठेवल्यावर दिसले की पट्टीवर १८ असताना तळाच्या खणात १७.५ असते आणि सर्वांत वरच्या फळीवर २०. दीर्घकाळ मुरवायचे खोके आता खाली असतात आणि महिन्याभरात ओढायचे सिगार वर.

आवाज नगण्य आहे. आतला दिवा कामापुरता आहे, पण काचेचे दार थेट उन्हात येणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

पेल्टिअर पद्धतीची एक मर्यादा खरेदीपूर्वीच ध्यानात घ्यावी. तिचा थंडावा खोलीच्या तापमानाच्या मानाने ठरतो. माझ्या खोलीत ३३ अंश झाले तेव्हा कपाट २० ते २१ वर अडकले आणि पंखा दिवसभर थांबला नाही. याहून अधिक तापणाऱ्या खोलीत कॉम्प्रेसरचे कपाट घ्यावे लागेल, जे गार जोरात करते आणि हवा कोरडीही तितक्याच जोरात करते. उलट ज्यांची खोली वर्षभर २२ अंशांच्या आत राहते, त्यांना साधी लाकडी पेटी आणि एक तापमापक पुरेसा आहे. त्यांनी या कपाटावर खर्च करू नये. ज्यांच्याकडे वीस-पंचवीसच सिगार असतात त्यांनाही ते सुचवणार नाही, कारण अर्धवट रिकामे कपाट आर्द्रता धरत नाही. शंभराच्या आसपास साठा आणि उन्हाळ्यात २५ च्या वर जाणारी खोली, अशी ज्यांची स्थिती आहे त्यांनी ते जरूर घ्यावे. मात्र घेताना पाणी वाहून नेणारी नळी कुठे आहे आणि तिला बूच लावता येते का, हे कपाट उघडून, मागे हात घालून पाहावे.