"त्या राज्यात लांबीचा नियम वेगळा आहे" म्हणत मला वाढवलेला ट्रेलर गळ्यात मारला

नाशिकमध्ये जे कोणी सेकंडहँड ट्रेलर बघतायत त्यांनी टोकन द्यायच्या आधी हे वाचा, कारण ज्या एजंटने मला गंडवलं तो अजून आडगाव आणि अंबडच्या बाजूला गिऱ्हाईकं फिरवतोय असं कळलंय.

मला सिन्नरहून लांब पाइपांचं काम मिळालं होतं, घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची इंजिनवाली गाडी) घरचा होता, फक्त ट्रेलर पाहिजे होता. हा म्हणाला, शेठ, परराज्यातला माल आहे, आपल्या चाळीस फुटीपेक्षा लांब, तिकडे लांबीची लिमिट जास्त आहे म्हणून तिथे पासिंग झालंय, एनओसी आणून एमएच 15 वर चढवून देतो, कागदांचं माझ्यावर सोडा. आरसी ऑनलाइन टाकून बघितली तर नंबर खरा, टॅक्स भरलेला, फिटनेस चालू. सौदा सहा लाखाला झाला आणि वर एक लाख दहा हजार "वाढीव लांबी आरसीवर चढवायचे" म्हणून रोख घेतले, पावती एनओसीसोबत देतो म्हणाला.

एनओसी आली आणि गाडी आरटीओत दाखवायला नेली. इन्स्पेक्टर साहेबांनी टेप लावला, किंगपिनपासून (ट्रेलर घोड्याला जोडणारी पिन) एक्सलपर्यंत मोजलं, मग पूर्ण लांबी, आणि आरसी बाजूला ठेवून मला खाली वाकायला सांगितलं. चॅनलला (ट्रेलरच्या खालच्या दोन लांब लोखंडी तुळया) जाड काळा रंग मारलेला होता, त्यांनी तो खरवडला तर आतून वेल्डिंगची आडवी रेघ निघाली, आतल्या बाजूने पट्टी मारून जोड दिलेला. दोन्ही चॅनलला, एकाच जागी. म्हणजे ट्रेलर मधून कापून वाढवलेला, आणि आरसीवरचा व्हीलबेस (किंगपिन किंवा पुढच्या एक्सलपासून मागच्या एक्सलपर्यंतचं अंतर) जुनाच. घोड्यासकट लांबी वीस मीटरच्या जवळ भरली.

साहेबांनी सांगितलं ते सगळ्यांना कळायला पाहिजे. गाडीच्या लांबीरुंदीचा नियम राज्याचा नसतोच, तो केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 93 आहे, नाशिकला जो तोच इंदूरला आणि सुरतेला. घोडा-ट्रेलर मिळून 18.75 मीटरच्या पुढे गेला की कुठल्याच राज्यात साधं पासिंग मिळत नाही. आणि कंपनीच्या मापात बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. असा बदल केला तर 2019 च्या दुरुस्तीपासून 182अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड. एजंटला हे सगळं माहीत होतं, त्याशिवाय "चढवून देतो"चे वेगळे पैसे कोण घेतं?

फोन केला तर म्हणे ओडीसी (ठरलेल्या मापाबाहेरच्या मालाचं) परमिट काढून देतो. ते परमिट ज्या मालाचे तुकडे होत नाहीत अशा मोठ्या मशिनरीसाठी असतं, कापलेली गाडी कायदेशीर करायला नाही. त्यानंतर फोन बंद.

पैशापेक्षा मला जास्त राग याचा येतो की हा ट्रेलर मी माल भरून कसारा घाटात उतरवणार होतो. ट्रेलर लांब झाला की वळणावर मागची चाकं आणखी आतून कापत जातात, बाजूला दुचाकीवाला असला तर ड्रायव्हरला आरशात दिसतही नाही, आणि जोड नेमका जिथे चॅनल सगळ्यात जास्त वाकतो तिथे होता. माझ्या ड्रायव्हरला दोन लहान मुलं आहेत हो.

तर घेताना आरसीवरचा व्हीलबेस आणि कंपनीकडून टाइप अप्रूव्हलचं (त्या मॉडेलला मिळालेल्या मंजुरीचं) ड्रॉइंग मागवून स्वतः टेपने ताडून बघा, चॅनल खालून हाताने चाचपा, ताजा रंग दिसला की खरवडायला लावा, विकणारा अडवत असेल तर तिथूनच परत फिरा. चेसिस नंबर आणि कंपनीच्या प्लेटचे रिव्हेटही बघा, माझ्या गाडीचे रिव्हेट नवे कोरे होते. साधा ट्रक घेत असाल तर मागचा ओव्हरहँग (मागच्या एक्सलच्या मागे निघालेला भाग) व्हीलबेसच्या 60 टक्क्यांच्या आत आहे का तेही मोजा, तिथेही बॉडी वाढवून विकणारे आहेत. आणि "कागदाचे" पैसे रोख अजिबात नको, नाव ट्रान्सफर झाल्यावर बँकेतूनच.

मी पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रार दिलीये, व्हॉट्सअॅप चॅट आणि त्याचं "तिकडे लिमिट जास्त आहे" हे बोलणं रेकॉर्ड आहे, सहा लाख बँकेतून गेलेत तो पुरावा आहे, रोख दिलेल्याचा मात्र फक्त चॅटमध्ये उल्लेख आहे. अजून कोणाला असाच परराज्यातला लांब ट्रेलर दाखवून पैसे घेतले असतील तर तुम्हीही लेखी तक्रार द्या, तपास अधिकारी म्हणाले की एकाच माणसावर जास्त तक्रारी आल्या तर पुढचं काम सोपं जातं.