जुनी मर्सिडीज ई ३२० (डब्ल्यू १२४): शोध आणि काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मर्सिडीज-बेंझची डब्ल्यू १२४ ही मालिका १९८४ च्या अखेरीस आली आणि १९९५ पासून डब्ल्यू २१० तिची जागा घेऊ लागली. मधल्या काळात सेडान, इस्टेट, कूपे आणि कॅब्रिओले मिळून २५ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या, म्हणून विकायला निघालेली गाडी आजही सापडते. त्यांतली नीट राखलेली निवडून काढणे मात्र चिकाटीचे काम आहे. मी घेतलेली गाडी १९९४ ची ई ३२० सेडान आहे. तिच्यात एम १०४ हे ३.२ लिटरचे, एका ओळीत सहा सिलिंडर असलेले, २२० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आणि चार गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. शहरातली कामे आणि लांबचे प्रवास अशा दोन्हींसाठी ती काही महिने नियमित वापरल्यानंतर हे लिहीत आहे. गाडीबद्दल मी समाधानी आहे, पण त्या समाधानाचे निम्म्याहून अधिक श्रेय आधीच्या मालकाने जपून ठेवलेल्या पावत्यांच्या फायलीला जाते, आणि म्हणूनच या लेखातही शोधाचा भाग मोठा आहे.

हीच गाडी का, याचे उत्तर थोडक्यात देतो. लेक्सस एलएस ४०० हिच्यापेक्षा शांत आहे आणि तिचे व्ही ८ इंजिन दीर्घायुषी आहे, पण पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचे तेल खालच्या अल्टरनेटरवर ठिबकणे आणि संगणकातले कपॅसिटर पाझरणे हे तिचे वयाबरोबर येणारे आजार आहेत. बीएमडब्ल्यूची ई ३९ (५ सिरीजची एक पिढी) चालवायला अधिक चपळ आहे, परंतु तिच्या कूलिंग यंत्रणेतले प्लास्टिकचे भाग ठरावीक काळाने बदलत राहावे लागतात. मर्सिडीजच्याच, डब्ल्यू २१० नंतरच्या डब्ल्यू २११ मालिकेच्या सुरुवातीच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक हायड्रॉलिक ब्रेक आहेत आणि त्यांचा पंप ठरावीक वापरानंतर बदलावाच लागतो. डब्ल्यू १२४ चेही स्वतःचे आजार आहेत, पण ते बहुतेक डोळ्यांना दिसतात, हाताला लागतात आणि साध्या हत्यारांनी दुरुस्त होतात, हा माझ्या लेखी निर्णायक मुद्दा होता.

शोध सुरू केला की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही की, डिकीवरच्या अक्षरांवर भरवसा ठेवता येत नाही. १९९३ च्या बदलांनंतर ‘३०० ई’ ऐवजी ‘ई ३००’ अशी रचना आली, आणि जुन्या गाडीला नवे ग्रिल व नवी अक्षरे लावून ती पुढच्या काळातली असल्याचा आव आणणे अवघड नाही. चासी क्रमांकात १२४ नंतर ०३२ हे आकडे असले तरच ती ई ३२० सेडान असते. बोनेट उघडल्यावर रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर रंगाचा आणि कारखान्यात बसवलेल्या सोयींचा संकेतांक असलेली पाटी दिसते; तो संकेतांक आणि समोरच्या गाडीचा रंग जुळत नसेल तर गाडी का रंगवली, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पाटीच नाहीशी झालेली असेल तर पुढचा पत्रा बदललेला असण्याची शक्यता धरून चालावे.

विकायला असलेल्या गाड्या साधारण तीन प्रकारच्या निघाल्या. पहिल्या नुसत्या चकाचक केलेल्या, ज्यांच्या बोनेटखालीही पॉलिश फिरवलेले असते. दुसऱ्या फारच कमी चाललेल्या. तिसऱ्या भरपूर चाललेल्या, पण कागदपत्रांनी भरलेल्या. ग्राहकांची उडी दुसऱ्या प्रकारावर पडते आणि किंमतही त्यांनाच जास्त मागितली जाते. माझे मत याच्या अगदी उलट झाले. वर्षानुवर्षे उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा वाईट खराब होते: तेलात न भिजलेले सील सुकतात, ब्रेकचे कॅलिपर चिकटतात, ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते, टाकीतले पेट्रोल चिकट थर सोडते, आणि कूलंटमधली (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातली) गंजरोधक द्रव्ये गाडी चालो वा न चालो, काळाबरोबर निकामी होतात.

अशी एक गाडी मी बारकाईने पाहिली. आतली लाकडी पट्टी निर्दोष, आसनांवर सुरकुती नाही, टायरची नक्षी जवळजवळ पूर्ण. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे छापलेले असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. ते वाचल्यावर टायर दशकापेक्षा जुने असल्याचे कळले, आणि कडेच्या रबरावर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे होते. अशा टायरवर वेगात जाणे धोक्याचे असते, पण खरा मुद्दा टायरचा नव्हता. ज्या मालकाने इतक्या काळात टायर बदलले नाहीत, त्याने ब्रेकचे होज, इंधनाच्या रबरी नळ्या आणि गिअरबॉक्सचे तेल बदलले असेल असे मानायला काहीच आधार नव्हता. पुन्हा या गाड्यांचा किलोमीटर मोजणारा काटा यांत्रिक आहे आणि त्यातली प्लास्टिकची चाके तुटली की स्पीडोमीटर चालतो पण आकडा थांबतो. त्यामुळे कमी आकडा हा पुरावा ठरत नाही. ब्रेक पेडलचे रबर, चालकाच्या आसनाची बाहेरची कड, स्टिअरिंगची झीज आणि जुन्या पावत्यांवर लिहिलेले किलोमीटर यांचा मेळ बसतो का, एवढेच पाहावे.

या मालिकेच्या शेवटच्या वर्षांतली गाडी घेणाऱ्याने सर्वांत आधी वायरिंग पाहावे. साधारण १९९२ ते १९९५ या काळातल्या गाड्यांत इंजिनावरच्या वायरिंगचे आवरण अशा प्लास्टिकचे आहे, जे इंजिनाच्या उष्णतेने कडक होऊन तडकते. तांबे उघडे पडले की तारा एकमेकींना चिकटतात, इंजिन अडखळते आणि वाईट वेळ आली तर संगणकही जळतो. वरून पाहिले तर काहीच कळत नाही, कारण तारांच्या जुडग्याभोवतीची जाड नळी शाबूत असते. इंजिनाच्या कडेला जिथे तार नळीतून बाहेर पडून सेन्सरकडे जाते, तिथे टॉर्चच्या उजेडात ती दोन बोटांनी हलकेच वाकवून पाहावी. एका गाडीत मी तसे केले, विक्रेत्याची परवानगी घेऊनच, आणि आवरणाचा पापुद्रा सुकलेल्या कांद्याच्या सालीसारखा बोटाला लागून आला. नवे वायरिंग बसवलेले असेल तर त्यावरच्या चिठ्ठीवर तयार झाल्याची तारीख असते; ती १९९६ नंतरची असेल तर ही काळजी मिटली. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप, उघडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागातही त्याच जातीच्या तारा आहेत, हे पुष्कळ जण विसरतात.

गंजाच्या बाबतीत १९८९ च्या बदलांनंतरच्या गाड्या अधिक फसव्या आहेत. दारांच्या खालच्या भागावर प्लास्टिकचे रुंद पट्टे आले. मुख्य रचनाकार ब्रूनो सॅक्को यांच्या नावाने ते ओळखले जातात. दिसायला ते सुरेख आहेत, पण जॅक लावण्याच्या जागा त्यांच्यामागे झाकल्या जातात आणि तिथला पत्रा कुजला तरी बाहेरून मागमूस लागत नाही. पट्ट्यातली छोटी रबरी झाकणे काढून आत उजेड टाकला की खरे चित्र दिसते. पुढच्या फेंडरच्या कमानी, बॅटरीखालचा पत्रा आणि मागच्या काचेची खालची कडही तपासावी. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र जवळ असावे. कारखान्यातला रंग बहुधा १०० ते १८० मायक्रॉनच्या दरम्यान भरतो. एखाद्या दारावर आकडा एकदम ५०० च्या पुढे गेला तर आत पुट्टी आहे.

इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून पाहणे ही माझी अट होती. एका ठिकाणी पोहोचलो तेव्हा बोनेट आधीच गरम होते. विक्रेत्याला दुसऱ्या दिवशी सकाळी येतो असे सांगितले, तर गाडी तेवढ्यातच विकली गेल्याचा निरोप आला. थंड इंजिनाचे आवाज, पहिला धूर आणि गिअरबॉक्सचा आळस लपवता येत नाहीत. रिव्हर्स टाकल्यावर गाडीने क्षणभरात पकड घ्यावी. तीन-चार सेकंद वाट पाहावी लागली तर आतले सील कडक झालेले असतात. ऑइलच्या दाबाचा काटा थंडपणी वरच्या टोकाला असतो, इंजिन गरम झाल्यावर नुसते चालू असताना खाली उतरतो आणि अॅक्सिलरेटर दाबताच पुन्हा वर जातो. तो रेंगाळला तर पुढे बोलणीच करू नयेत. एम १०४ च्या हेड गॅस्केटमधून (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधल्या सीलमधून) मागच्या उजव्या कोपऱ्यात तेल झिरपते, हे जगजाहीर आहे. ओलसरपणा असेल तर किंमत कमी करून घ्यावी. कूलंटमध्ये तेल दिसले तर तिथूनच परत फिरावे. वातानुकूलन मात्र चालू स्थितीतच हवे, कारण आतली कूलिंग कॉइल बदलायची म्हणजे जवळजवळ संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

शेवटी घेतलेली गाडी तिसऱ्या प्रकारातली होती. पाहिलेल्या गाड्यांत ती सर्वांत जास्त चाललेली होती, बंपरवर ओरखडे होते आणि चालकाच्या आसनाची कड झिजलेली होती. परंतु वायरिंग, हेड गॅस्केट, रेडिएटर आणि मागच्या सस्पेन्शनचे दांडे बदलल्याच्या पावत्या तारीख व किलोमीटरसह हजर होत्या, आणि गिअरबॉक्सचे तेल ठरावीक अंतराने बदलल्याची नोंद होती. मालकाने तीन उणिवा आम्ही विचारण्याआधी स्वतःच सांगितल्या. माझ्या ओळखीच्या मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेऊन तपासली, तेव्हा त्याला त्या तीनखेरीज एकच नवी सापडली.

आता वापराविषयी. लांबच्या रस्त्यावर ही गाडी जे देते ते आजच्या कित्येक नव्या गाड्यांत मिळत नाही. आसने पहिल्यांदा बसताना कठीण वाटतात आणि चार तासांनंतर त्यांचे मोल कळते. खड्ड्यावरून जाताना आवाज येतो, धक्का येत नाही. दार लागण्याच्या आवाजाचे कौतुक फार ऐकले होते. ते खरेच आहे. स्टिअरिंग सावकाश आहे आणि चपळ गाडीची सवय असलेल्याला ते सैल वाटेल. सिग्नलवरून निघताना हलक्या पायाने चालवले तर गिअरबॉक्स दुसऱ्या गतीतच गाडी उचलतो, म्हणून सुरुवात मंद वाटते. हा बिघाड नसून मूळ रचनाच आहे. पुढच्या काचेवर एकच वायपर आहे, तो फिरता फिरता लांब-आखूड होत काचेचा ८६ टक्के भाग पुसतो. मुसळधार पावसात त्याने निराश केले नाही, फक्त त्याच्या यंत्रणेला वेळच्या वेळी ग्रीस द्यावे लागते. इंधनाच्या बाबतीत कुणी भ्रमात राहू नये: शहरात लिटरमागे सात-आठ आणि महामार्गावर शांतपणे चालवल्यास दहा-अकरा किलोमीटर, इतकेच.

या महिन्यांत जे बिघडले ते बहुतेक रबराचे होते. सिग्नलवर थांबल्यावर स्टिअरिंगमध्ये जाणवणारी थरथर इंजिन माउंट बदलल्यावर थांबली. महामार्गावर ठरावीक वेगाला खालून येणारा घुमारा प्रोपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्याच्या) रबरी डिस्कचा निघाला. ती बदलताना मधले बेअरिंगही बदलून घेतले, कारण मजुरी एकदाच लागते. मागचे एक दार सेंट्रल लॉकने बंद होईनासे झाले. या गाडीतले लॉक विजेच्या मोटरीऐवजी हवेच्या दाबावर चालते आणि दारातला छोटा रबरी पडदा फाटला होता. एका मोठ्या गॅरेजने पंप, नळ्या आणि चारही दारांतले भाग बदलण्याचे लांबलचक अंदाजपत्रक हाती ठेवले; जुन्या मेकॅनिकने नळ्या एकेक करून बंद करत गळणारे दार शोधले आणि तेवढाच भाग बदलला. गाडीच्या संगणकातले दोषसंकेत वाचणारा, १९९६ नंतर रुळलेला ओबीडी स्कॅनर या गाडीला जोडता येत नाही, त्यामुळे कान, हात आणि दाबमापक वापरून निदान करणारा माणूस हाताशी नसेल तर ही गाडी घेऊ नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

सुटे भाग मिळतात, ही सर्वांत सुखद बाब आहे. यांत्रिक भाग मूळ पुरवठादारांच्याच शिक्क्यात, म्हणजे बॉश, लेमफोर्डर, साक्स, बिल्स्टाइन यांच्याकडून मिळतात आणि कंपनीचा क्लासिक विभागही या मालिकेचे भाग पुरवतो. आतले प्लास्टिक, विशिष्ट रंगाची आसनांची कापडे आणि लाकडी पट्ट्या मात्र महाग आहेत किंवा जुन्या गाड्यांतूनच काढून आणाव्या लागतात. म्हणून निवड करताना इंजिनातली छोटी उणीव चालवून घ्यावी, पण मोडका अंतर्भाग घेऊ नये.

सुरक्षिततेत ही गाडी तिच्या काळातली आहे. एबीएस आहे, पण इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण नाही. ते मर्सिडीजच्या एस-क्लास कूपेत १९९५ मध्ये आले. ओल्या वळणावर मागची चाके सुटली तर सावरायचे काम चालकाचेच आहे. घरातली एकमेव गाडी म्हणून मी ही सुचवणार नाही, कारण एखादा भाग येईपर्यंत ती आठवडाभर उभी राहू शकते. खरेदीच्या किमतीच्या निदान एक तृतीयांश रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळी काढून ठेवली होती. त्यातली अर्ध्याहून थोडी अधिक आतापर्यंत खर्च झाली आहे. उरलेल्या रकमेत पुढच्या सस्पेन्शनचे बॉल जॉइंट आणि स्टिअरिंगचा डँपर बदलायचा आहे. थ्रॉटलच्या इलेक्ट्रॉनिक भागाच्या तारा पावत्यांत कुठेच बदललेल्या दिसत नाहीत, त्यामुळे आधी तो भाग उघडून पाहणार आहे.