चाचपडणारा क्वार्टरबॅक: खेळवत ठेवायचा की बाकावर बसवायचा?

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे पास देऊन संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू, अडखळला की अख्खा संघ अडखळतो, आणि मग घरच्याच मैदानात त्याची हुर्यो उडते. संघापुढे दोनच वाटा उरतात.

पहिली वाट: खेळवत राहा. 1998 मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सने नवख्या पेटन मॅनिंगला सोळाही सामने खेळवलं. त्याचे 28 पास प्रतिस्पर्ध्यांनी पळवले, संघ फक्त तीन सामने जिंकला. पुढच्याच वर्षी तोच संघ तेरा जिंकला! पण प्रत्येक नवखा मॅनिंग नसतो, हे चाहत्यांनाही कळतं. म्हणून तर त्यांचा जीव खालीवर होतो.

दुसरी वाट: बसवा. कॅरोलायना पँथर्सचा ब्राइस यंग हा 2023 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, सगळ्यात आधी निवडलेला खेळाडू. त्या मोसमात संघाचे विजय दोन. 2024 चा पहिलाच पास थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात, सामना 10-47 असा गेला. दुसऱ्या पराभवानंतर अनुभवी अँडी डाल्टन आत, यंग बाहेर. चाहते सुटल्यासारखे झाले, पण एवढी किंमत मोजून आणलेला पोरगा हातात बॉल न घेता कडेला उभा, हे बघवतही नव्हतं.

पुढे कार अपघातात डाल्टनचा अंगठा दुखावला आणि यंग परतला. शेवटच्या सामन्यात अटलांटाविरुद्ध त्याने तीन टचडाउन (बॉल प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन मिळणारे गुण) पासवर मिळवून दिले, दोन टचडाउन स्वतः धावून केले. संघ जादा वेळेत 44-38 ने जिंकला.

माझं मत दुसऱ्या वाटेकडे झुकतं, पण बसवताना परतीचं दार उघडं ठेवणार असाल तरच.