स्वतःचं सॉफ्टवेअर म्हणून ४५ हजार घेतले, निघालं वर्डप्रेस

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं लेथचं वर्कशॉप आहे, पंपाचे शाफ्ट, बुश, स्लीव्ह असला माल करतो. बाहेरगावची पार्टी फोनवर आधी वेबसाईट विचारते म्हणून दोन वर्षांपूर्वी करायची ठरवली. ओळखीतनं एकजण आला, नाव घेत नाही. मी थोडी माहिती काढली होती की वर्डप्रेस, जुमला, ड्रुपल अशी साईट बनवायची ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेली, सॉफ्टवेअर असतात आणि त्यांना लायसन्स फी नसते, तेच विचारलं. तर म्हणाला, "शेठ, वर्डप्रेस रोज हॅक होतंय, जुमला आता कोण वापरत नाही, ड्रुपल तुम्हाला झेपायचं नाही, आमचं स्वतःचं सीएमएस आहे तेच घ्या." सीएमएस म्हणजे साईटवरचा मजकूर, फोटो बदलायचं सॉफ्टवेअर. त्याचं लायसन्स ४५ हजार, वर दरवर्षी १८ हजार मेंटेनन्स. दिले.

लॉगिन केलं की त्याच्याच कंपनीचा लोगो यायचा, त्यामुळं शंका यायचं कारणच नव्हतं. फोटो टाका, मजकूर बदला, एवढंच दिसायचं.

मग यंदा एका जुन्या पार्टीचा फोन आला की गुगलवर तुमचं नाव टाकलं की खाली जपानी अक्षरं येतायत. बघितलं तर खरंच, आमच्या वर्कशॉपच्या नावाखाली जपानी जाहिराती. मेंटेनन्सवाला फोन उचलेना. शेवटी भाचा आला, त्यानं आमची साईट उघडून कंट्रोल आणि यू दाबलं, कोडचं पान उघडलं आणि बोट ठेवून म्हणाला, "मामा, हे बघ, डब्ल्यूपी-कंटेंट लिहिलंय सगळीकडं, हे वर्डप्रेसच आहे." मला दिलेलं लॉगिन 'एडिटर'चं होतं, 'ॲडमिनिस्ट्रेटर'चं नव्हतं, म्हणून प्लगइन (साईटला वरनं जोडायचे छोटे प्रोग्रॅम), युजर, अपडेट यातलं काही मला दिसतच नव्हतं, आणि लोगो प्लगइन टाकून बदललेला. थीमसुद्धा, म्हणजे साईटच्या दिसण्याचा तयार साचा, विकतची न घेता क्रॅक केलेली टाकलेली, असल्या थीममध्ये बऱ्याचदा चोरदरवाजा ठेवलेला असतो, भाच्याच्या मते घाण तिथनंच आत आली.

वर्डप्रेस २००३ पासून आहे, जीपीएल नावाच्या मोकळ्या लायसन्सवर आहे, म्हणजे कुणीही उतरवून घ्यावं, बदलावं, त्यावर काम करून पैसे घ्यावेत, त्यात काही चूक नाही. आम्ही पण जॉबवर्क करतो. पार्टीनं स्वतःचा माल दिला तर आम्ही मजुरी लावतो, मालाचे पैसे लावत नाही. ह्यानं डिझाईनचे ४५ हजार सांगितले असते तर मी कदाचित दिलेही असते, पण जे सगळ्यांसाठी फुकट आहे ते स्वतःचं म्हणून विकलं, आणि वर त्याच वर्डप्रेसची बदनामी करून विकलं, याचा मला खरा संताप आहे.

आणि सगळ्यात मोठा घाव पुढंच होता. डोमेन, म्हणजे साईटचा इंटरनेटवरचा पत्ता, त्याच्या नावावर! ट्रान्सफरसाठी जो कोड लागतो तो मागितला तर ३० हजार सांगितले. वर्षाला हजाराच्या आसपास मिळणाऱ्या नावाचे ३० हजार. नाही दिले, नवीन डोमेन माझ्या ईमेलवर घेतलं, भाच्यानं दोन रविवार घालवून सरळ वर्डप्रेसवरच साईट उभी केली, आता अपडेट आलं की मला दिसतं आणि मीच बटण दाबतो.

कुणी साईट करायला देणार असाल तर शेवटचा हप्ता द्यायच्या आधी ॲडमिनिस्ट्रेटरचं लॉगिन हातात घ्या, डोमेन आणि होस्टिंग (साईट ठेवायची सर्व्हरवरची जागा) आपल्या ईमेलवर आहे का बघा, थीमचं बिल मागा, फाईल आणि डेटाबेस दोन्हीचा बॅकअप पेन ड्राईव्हवर घ्या. 'आमचं स्वतःचं' म्हणाला तर त्याच्या समोरच त्यानं केलेली दुसरी एखादी साईट उघडून कोड बघा, काही लागत नाही, दोन मिनिटं लागतात.

साईटचा जुना पत्ता छापलेले चारशे बॉक्स अजून पडून आहेत, रात्री जेवण झाल्यावर मी आणि बायको त्यावर नवीन पत्त्याचे स्टिकर चिकटवतोय. कोल्हापुरात आणखी कुणाच्या बिलावर 'सीएमएस लायसन्स फी' असं लिहिलेलं असेल तर ते बिल फाडू नका, मला कळवा, तक्रार एकत्र करू.