पी. डी. जेम्स की रूथ रेंडेल: आधी कोण?

अगाथा ख्रिस्ती वाचून संपली की पुढे या दोन इंग्रज रहस्यकथा लेखिकांपैकी कोणाला घ्यायचं, हा प्रश्न येतोच. पहिल्या कादंबऱ्या दोनच वर्षांच्या अंतरानं आल्या, जेम्सबाईंची १९६२ला, रेंडेलबाईंची १९६४ला. पुढे दोघी ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहात बसल्या. एक हुजूर पक्षाच्या, दुसरी मजूर पक्षाच्या, तरी मैत्री टिकली. लिखाणात मात्र फारसं साम्य नाही.

जेम्सबाईंची नोकरी त्यांच्या पुस्तकांत उतरली आहे. नवरा युद्धावरून मनानं खचून परतला, दोन मुलींचा भार यांच्यावर. १९४९पासून रुग्णालय प्रशासन, १९६८पासून गृहखातं. लिखाण पहाटे, कामावर जायच्या आधी. ‘श्राउड फॉर अ नाइटिंगेल’ (१९७१) बघा. नर्सिंग शाळेत नळीनं अन्न देण्याचं प्रात्यक्षिक चालू आहे, रुग्ण म्हणून एक विद्यार्थिनीच आडवी, आणि नळीतून दुधाऐवजी जातं जंतुनाशक. बाटली कुठे होती, कोणाचा हात लागला, सगळं चोख. या काटेकोरपणात रेंडेलबाई मागे पडतात, हे मान्य करायला हवं.

पण त्या खोल्या! जेम्सबाईंचा पोलीस अधिकारी डॅल्ग्लिश जबाब घ्यायला आत शिरला की आधी पडदे, मग पुस्तकांचं कपाट, मग शेकोटीवरचं चित्र. माणूस तोंड उघडतो तो त्यानंतर. एका संशयिताचं चालून जातं, आठ संशयित म्हणजे आठ दिवाणखाने. नंतरच्या जाडजूड पुस्तकांत हे फारच होतं. मध्ये दोन दिवस खंड पडला की कोणती खोली कोणाची तेच आठवत नाही, आणि धागा सुटतो.

रेंडेलबाई ‘अ जजमेंट इन स्टोन’मध्ये (१९७७) पहिल्याच वाक्यात खुनी कोण, मेलं कोण आणि का, सगळं सांगून मोकळ्या होतात: घरकामाला ठेवलेल्या यूनिसला लिहितावाचता येत नव्हतं. गुपित फुटलेलं असूनही पुस्तक खाली ठेवता येत नाही, कारण आता घरातला प्रत्येक कागद, प्रत्येक चिठ्ठी जिवावरची वाटू लागते. पुस्तकही आटोपशीर.

त्यांचंही सगळं सारख्या तोडीचं नाही. त्यांचा पोलीस अधिकारी वेक्सफर्ड, त्याच्या २४ कादंबऱ्यांतल्या सुरुवातीच्या बेताच्याच वाटतात. १९८६पासून बार्बरा व्हाइन या नावानं लिहिलेलं वेगळं, संथ आणि घराण्यांच्या गुपितांचं. ‘अ डार्क-अडॅप्टेड आय’ तर फाशीच्या सकाळीच सुरू होते.

कोडं सोडवायची हौस असेल तर जेम्सबाई घ्या, शक्यतो सत्तरच्या दशकातल्या, आणि सलग सुट्टी बघून. नाहीतर ‘जजमेंट’, मग व्हाइन. वेक्सफर्ड मागाहून घेतला तरी चालतो.