डिस्कससाठी कोणता टँक: झाडांचा की मोकळ्या तळाचा?

डिस्कस मासा पाळायचं मनात आलं की दोन टँक समोर येतात. एक चार फुटी, वाळू-झाडांनी सजलेला, हॉलची शोभा वाढवणारा. दुसरा तळाला काहीच नसलेला, नुसता काचेचा. ठाण्या-नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये निवड करताना मी पहिला प्रश्न विचारेन: घरात रोज पाणी कोण बदलणार?

त्याआधी पाणी कुठलं ते बघा. डिस्कस मूळचा अमेझॉनच्या खोऱ्यातला. त्याला मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, किंचित आम्लधर्मी पाणी आणि २८ ते ३० अंश तापमान लागतं. मोरबे धरणाचं किंवा भातसेचं पाणी बऱ्यापैकी मऊ असतं, हे आपलं भाग्यच. घोडबंदरकडे उन्हाळ्यात टँकर येतात, काही सोसायट्या बोअरचं पाणी मिसळतात; तिथे क्षार वाढतात. म्हणून माशांच्या आधी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घ्या आणि नळाचं पाणी दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा. मोठा मासा थोड्या जड पाण्यातही मजेत राहतो. अडतं ते अंड्यांपाशी: कॅल्शियम जास्त असलं की ती नीट फळत नाहीत, पांढरी पडतात. अशा वेळी आरओचं (क्षार काढलेलं) पाणी मिसळावं, पण नुसतं आरओ वापरू नये, कारण पीएच (पाण्याच्या आम्लतेचं माप) केव्हा घसरेल याचा नेम नसतो.

झाडांचा टँक दिसायला अप्रतिम, यात वाद नाही. पण २९ अंशांत बरीचशी झाडं तग धरत नाहीत. अनुबियास, जावा फर्न, अमेझॉन स्वोर्ड एवढ्यांवर भागवावं लागतं. शिवाय वाळूत अडकलेलं खाणं कुजतं. वाढीला लागलेल्या पिल्लांना दिवसातून चार-पाच वेळा खायला घालावं लागतं, आणि तेवढी घाण झाडांच्या मुळांशी साचली की मासे काळे पडून कोपऱ्यात बसतात. पूर्ण वाढलेले पाच-सहा मासे असतील आणि पैदास करायचीच नसेल, तर मी बिनधास्त झाडांचा टँक सुचवेन. आठवड्याला एक-दोनदा पाणी बदललं तरी चालून जातं.

मोकळ्या तळाचा टँक पाहुण्यांना आवडणार नाही, पण माशांना मानवतो. तळाची घाण पाइपने पाच मिनिटांत निघते. पिल्लं वाढवताना रोज तिसरा हिस्सा किंवा निम्मं पाणी बदलायचं. त्यासाठी क्लोरीन काढून ठेवलेल्या पाण्याचा ड्रम गॅलरीत किंवा बाथरूममध्ये हवाच. जागा नसेल तर हा टँक घेऊ नका. वजनाचंही लक्षात असू द्या: चार बाय दीड बाय दीड फुटांच्या टँकमध्ये अडीचशे लिटर, म्हणजे अडीचशे किलो नुसतं पाणी. भक्कम स्टँडवर, भिंतीलगत ठेवा.

आता पिल्लं की तयार जोडी? जोडी महाग, आणि ती खरंच जोडी आहे याची खात्री कमी. दोन माद्याही एकत्र बसून अंडी घालतात. विकणाऱ्याने पिल्लांसकट दाखवली तरच घ्या. मी सहा-आठ पिल्लांच्या बाजूने आहे. ती वर्षभराची होत आली की आपली आपण जोडी जमवतात आणि टँकचा एक कोपरा इतरांना फिरकू देत नाहीत. मग त्या दोघांना दीड फुटाच्या चौकोनी टँकमध्ये हलवायचं, स्पंज फिल्टर लावायचा आणि अंडी घालायला मातीचा कोन ठेवायचा.

अंडी अडीच-तीन दिवसांत फुटतात. पिल्लं आणखी दोन-तीन दिवस कोनावर वळवळत राहतात आणि मग थेट आईबापाच्या अंगाला जाऊन चिकटतात. त्यांच्या कातडीवरचा बुळबुळीत स्राव हेच पहिलं अन्न. एक दमला की अंग झटकतो, आणि सगळा थवा दुसऱ्याच्या अंगावर जातो! या काळात आईबापाचा रंग गडद होतो, म्हणून पिल्लांना ते सापडतात. पिजन ब्लड जातीत तो काळपटपणा येत नाही, पिल्लं भरकटतात. पहिल्यांदाच पैदास करणाऱ्याने टर्क्वाइजसारखी जात घ्यावी. पहिली एक-दोन वेळची अंडी आईबाप खाऊन टाकतात. त्यावरून जोडी बाद ठरवू नका.

कुठलाही टँक घेतलात तरी बॅटरीवर चालणारा एअर पंप हवा. पावसाळ्यात वीज गेली तर पाणी थंड होण्याआधी ऑक्सिजन संपतो, कारण कोमट पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. इथल्या उन्हाळ्यात हीटर बहुधा बंदच असतो, पण जुलैच्या झडीत आणि डिसेंबरच्या रात्री तो लागतोच.